जोडी नको, थवा हवा

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला जा, नाहीतर आपल्या गावातल्या एकुलत्या एक फिश टँकच्या दुकानात जा. माशाचा भाव विचारला की उत्तर जोडीत मिळतं. निऑन एवढ्याला जोडी, झेब्रा तेवढ्याला जोडी. मग घरच्यांची खरेदीही जोडीनंच होते. दोन निळे, दोन लाल, दोन पट्टेवाले, धाकट्याला आवडले म्हणून दोन काळे, आणि ‘हा काच साफ ठेवतो’ असं दुकानदार म्हणाला म्हणून एक सकर. दीड फुटी टाकीत पाच जातींचे नऊ मासे. पंधरा दिवसांत एकेक मासा पोट वर करून तरंगायला लागतो आणि ‘आमच्या घराला मासे लाभत नाहीत’ असं ठरवून टाकी माळ्यावर जाते.

घराला बोल लावायचं कारण नाही. छोट्या टाकीसाठी म्हणून जे मासे आपल्याला दाखवले जातात त्यांतले बरेचसे, म्हणजे निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ, रास्बोरा, बार्ब, हे थव्यानं राहणारे आहेत. ओढ्या-नद्यांत त्यांचं सगळं आयुष्य सोबतीत जातं. दोघांना वेगळं काढून काचेत ठेवलं की ते कायम धास्तीत राहतात, आणि धास्तावलेला मासा लवकर आजारी पडतो. म्हणून मुख्य सल्ला आधीच सांगून टाकतो: टाकी लहान असेल तर एकच जात निवडा आणि तिचे निदान आठ, जमल्यास दहा-बारा मासे ठेवा. एकाच जातीचे दहा मासे रंगात येतात, मोकळेपणी हिंडतात, आणि दिसायलाही खिचडीपेक्षा कितीतरी देखणे दिसतात. पाणी, फिल्टर, खाणं हे सगळं मग या दहा जणांच्या सोयीनं ठरवायचं.

थव्यात माशाला काय मिळतं

एकटा मासा हेरणं शिकाऱ्याला सोपं जातं. एकसारखे दिसणारे शंभर मासे एकदम वळले तर त्याची नजर एकावर ठरत नाही. शिवाय शंभरांतला एक असलं की आपली पाळी येण्याची शक्यताही तेवढी कमी. पहारा द्यायला डोळे जास्त, अन्न शोधायला तोंडं जास्त. एवढे सगळे एका क्षणात कसे वळतात, याचं उत्तर नजरेत आणि पार्श्वरेषेत आहे. माशाच्या अंगावरून शेपटीपर्यंत गेलेल्या या संवेदी रेषेमुळे शेजाऱ्याच्या हालचालीनं पाण्यात उठलेला दाब त्याला कळतो.

आणखी एक गोष्ट टाकी ठेवणाऱ्यानं माहीत करून घ्यावी अशी आहे. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली माशांवरचं एक निरीक्षण मांडलं होतं. मिनो माशाच्या त्वचेला जखम झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि ते जाणवताच बाकीचा थवा बिथरतो. आपल्या टाकीतले टेट्रा, बार्ब, डॅनिओ आणि रास्बोरा त्याच मोठ्या गटातले आहेत. एक मासा पकडायला जाळी घातली, तो ओरबाडला गेला आणि बाकीचे सगळे कोपऱ्यात दडून बसले, असं होतं ते या द्रव्यामुळेही. म्हणून जाळी मऊ आणि मोठी घ्या. दोन जाळ्या असतील तर उत्तम: एकीनं हळूच हाकलायचं, दुसरीत घ्यायचं. टाकीभर पाठलाग करायचा नाही.

थवा अपुरा असला तर ते ओळखू येतं. मासे फिल्टरमागे उभे राहतात, रंग फिका पडतो, दाणा तोंडात घेऊन परत टाकतात. टायगर बार्बसारख्या तापट जातीत भीतीऐवजी दांडगाई वाढते. तीन टायगर बार्ब ठेवले तर दोघे मिळून तिसऱ्याची शेपटी कुरतडून ठेवतात. दहा ठेवले तर ही कुरघोडी सगळ्यांत वाटली जाते आणि कुणालाच फारसा त्रास होत नाही. तरीही त्यांच्याबरोबर लांब परांचा एंजल ठेवू नका. दुकानदार ‘चालतं’ म्हणेल. चालत नाही.

एका गोष्टीनं मात्र घाबरू नका. पहाटे दिवा लावल्यावर निऑन पांढुरके दिसतात, निळा पट्टा विझल्यासारखा वाटतो. अंधारात त्यांचा रंग उतरतोच. थोड्या वेळात परत येतो.

शहर बघून मासा

या विषयावरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतल्या माणसांनी केलेले असतात. त्यांची सगळी चिंता पाणी गरम कसं ठेवायचं ही. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने प्रश्न उलटा असतो. मुंबईत मे महिन्यात टाकीतलं पाणी ३१-३२ अंशांवर जातं, नागपूर-अकोल्याला त्याहून वर. नाशिक-पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेच पाणी २० च्या खाली उतरू शकतं. त्यामुळे मासा आवडला म्हणून घ्यायचा नाही. आपल्या खोलीत त्याला वर्षभर सोसेल का, हे आधी बघायचं. दहा रुपयांचा नाही पण शे-दोनशेंचा थर्मामीटर आणा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाण्याचं तापमान लिहून ठेवा. निवड अर्धी तिथेच होते.

ज्यांना पहिल्यांदाच टाकी लावायची आहे त्यांनी झेब्रा डॅनिओ घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त आहे म्हणून लोक त्याला कमी लेखतात. हा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याची नोंद केली. जेमतेम दीड इंच लांब, अंगावर निळे-सोनेरी आडवे पट्टे. १८ ते २८ अंशांत तो मजेत राहतो, पाण्याच्या बाबतीत कुरकुर करत नाही. जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर काम करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालतं. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडली. खोड एकच, तो क्षणभर स्वस्थ बसत नाही. म्हणून त्याला उंच टाकीपेक्षा लांब टाकी लागते, आणि वर झाकण लागतंच, कारण तो उडी मारतो.

निऑन टेट्राची गोष्ट वेगळी. सगळ्यांना हवा असतो तो हाच. ॲमेझॉनच्या वरच्या अंगाच्या, झाडांच्या सावलीतल्या, काळसर मऊ पाण्याच्या ओढ्यांतला हा मासा. १९३६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि फिलाडेल्फियाचे मत्स्यालय-लेखक विल्यम इनिस यांचं नाव त्याला मिळालं. त्याला २१ ते २६ अंश मानवतात. पुण्यात, नाशिकला, बेळगावात तो चांगला टिकतो. मुंबई-कोकणात आणि विदर्भात उन्हाळा त्याला जड जातो. तिथल्या लोकांनी हौस भागवायचीच असेल तर थोडे जास्त पैसे घालून कार्डिनल टेट्रा घ्यावा. तो ब्राझीलमधल्या रिओ निग्रोच्या उबदार पाण्यातला, २८-२९ अंश सहज सोसणारा. दोघांतला फरक पोटाकडे बघून कळतो: निऑनचा लाल पट्टा शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात असतो, कार्डिनलचा जवळजवळ पूर्ण लांबीभर.

माझी स्वतःची आवड विचाराल तर हार्लेक्विन रास्बोरा. मलेशिया, थायलंड, सुमात्राकडचा. तांबूस अंग, मागच्या अंगाला काळा त्रिकोण. शांत, एकमेकांना धरून राहणारा, २३ ते २८ अंशांत खूश. दहा हार्लेक्विन हिरव्या वनस्पतींपुढून एका ओळीत जातात तेव्हा टीव्ही बंद करावासा वाटतो. श्रीलंकेतला चेरी बार्बही लहान टाकीला चांगला, पण तो सैलसर राहतो. घट्ट थव्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. रोझी बार्ब तीन-चार इंच होतो, त्याला तीन फुटी टाकी हवी. ‘मिस केरला’ म्हणून विकला जाणारा डेनिसन बार्ब देखणा आहे खरा, पण तो पाच इंचांपर्यंत वाढतो आणि त्याची नैसर्गिक संख्या धोक्यात आलेली आहे. तो केरळ-कर्नाटकच्या नद्यांतच बरा.

तीच गोष्ट आपल्या ओढ्यांची. सह्याद्रीच्या ओढ्यांत डॅनिओचे भाऊबंद आहेत, गोवा-कर्नाटकच्या बाजूला इंडिगो बार्बसारखा जेमतेम दोन इंची सुंदर मासा आहे, ज्याचं वर्णन पहिल्यांदा १९९२ साली झालं. पावसाळी सहलीला गेल्यावर पंचानं किंवा बाटलीनं मासे पकडून घरी आणण्याची हौस मुलांना असते. तिथेच वाकून बघू द्या.

दोन मासे अजिबात घेऊ नका. एक म्हणजे गुलाबी, हिरवा, जांभळा असा भडक रंगाचा ‘कलर विडो’. पांढऱ्या विडो टेट्राला सुईनं किंवा रसायनात बुडवून रंगवलेलं असतं. काही महिन्यांत रंग उडतो, आणि त्या छळातून जगलेला मासा बहुधा तितके दिवस टिकतही नाही. दुसरा सकर. दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण वाढून फूटभराच्या वर जातो, आणि काचेपेक्षा घाणच जास्त करतो. मग लोक त्याला तळ्यात सोडतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारे सकर आले ते असेच कुणाकुणाच्या दिवाणखान्यांतून.

टाकी आणि पाणी

काचेचं गोल भांडं विसरून जा. दहा छोट्या माशांसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घ्या. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून प्रत्यक्षात ४५-५० लिटर. लहान टाकी सोपी असते हा मोठाच गैरसमज आहे. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर तापतं, लवकर नासतं. भरलेली टाकी ७० किलोच्या आसपास जाते, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा विचार सोडा; पक्कं स्टँड घ्या, खाली थर्मोकोलचा तुकडा घाला. खिडकीतलं ऊन टाकीवर पडू देऊ नका, पडलं तर पाणी तापेल आणि काचा शेवाळानं हिरव्या होतील.

तळाला काळसर बारीक खडी उत्तम. तीवर माशांचा रंग खुलतो, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा पाण्यावर परिणाम होत नाही. पांढरे संगमरवरी खडे, शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे मात्र पाणी जड करतात. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा; फेस आला तर तो दगड बागेत टाका. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा फर्न, दगडाला दोऱ्यानं बांधलेला अनुबियास अशी झाडी करा आणि पुढची जागा पोहायला मोकळी ठेवा. मासे लपतील, दिसणार नाहीत, अशी भीती वाटते. होतं उलटं: लपायला जागा आहे हे कळलं की ते बाहेर फिरतात.

पाण्याचा विचार करताना टीडीएसच्या यंत्रापेक्षा आधी स्वयंपाकघर बघा. साबणाला फेस येत नाही, नळावर पांढरे डाग धरतात, डाळ शिजायला वेळ लागतो, असं असेल तर तुमचं पाणी जड आहे. मुंबई-पुण्यातलं धरणाचं नळपाणी साधारणपणे मऊ असतं. उन्हाळ्यातल्या टँकरचं आणि बोअरचं बहुधा जड. जड पाण्यात झेब्रा आणि बार्ब निभावून नेतात, निऑन-कार्डिनल-हार्लेक्विनना ते मानवत नाही. अशा घरांत बोअरच्या पाण्यात निम्मं आरओचं पाणी मिसळता येतं. नुसतं आरओचं पाणी वापरू नका, माशांनाही थोडे क्षार लागतात. आणि एकदा ठरवलेलं प्रमाण बदलू नका. माशाला परिपूर्ण पाण्यापेक्षा स्थिर पाणी जास्त मानवतं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला हवंच. बादली उघडी ठेवून एक दिवस थांबा, किंवा दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून जी छोटी बाटली मिळते तिचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घाला. टाकीची बादली वेगळी ठेवा आणि तिला साबण, फिनेल लागणार नाही याची घरात सगळ्यांना ताकीद द्या.

महिनाभर रिकामी टाकी

सगळ्यांत जास्त मासे मरतात ते इथे, घाईपायी. शनिवारी टाकी आणली, रविवारी मासे सोडले. पाणी स्वच्छ दिसतं, पण मासे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया टाकत असतात, आणि नव्या टाकीत तो पचवणारं कुणी नसतं. जुन्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर दोन प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते मारतं. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात साठलं तरच त्रास देतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून टाकी भरा, फिल्टर दिवस-रात्र चालू ठेवा आणि मासे आणू नका. रोज चिमूटभर माशाचं खाणं पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खाद्य मिळेल. थेंबांनी तपासणी करायचं किट आणा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. काम बरंच लवकर होतं. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंना या उसन्या स्पंजाची सर येत नाही.

फिल्टर कोणता, यावर दुकानात तास घालवतील. दीड-दोन इंची माशांसाठी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. पाण्याला जोर लागत नाही, पिल्लं आत ओढली जात नाहीत, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात आणि पंपातून जमिनीवर येतं. स्पंज घाण झाला तर नळाखाली धुवायचा नाही; टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. नळाखाली धुतला की महिनाभराची कमाई मोरीत गेली.

मासे आणताना

दुकानदाराला विचारा, माल कधी आला. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा बंगालहून लांबचा प्रवास करून आलेले मासे दमलेले असतात. आल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकलेले घ्या. त्यांना आपल्यासमोर खाणं टाकायला सांगा. धावून खातात का? पर पसरलेले आहेत की अंगाला चिकटलेले? पोट खपाटीला गेलंय का? अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? त्याच टाकीत एखादा मेलेला मासा दिसला तर, भाव कितीही कमी असला तरी, बाहेर पडा. आणि जोडीच्या भावावर अडू नका. ‘दहा घेतो, काय लावता?’ विचारलं की दुकानदार खुशीनं भाव सोडतो. पाच जोड्या एकदम जाणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नाही.

पिशवी कापडात गुंडाळून, उन्हापासून जपून आणा. रस्त्यात थांबून वाणसामान घ्यायचा मोह टाळा. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडून टाकीचं थोडं थोडं पाणी अर्ध्या तासात आत घाला. मासे जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. शक्य असेल तर नवे मासे दोन-तीन आठवडे स्पंज फिल्टर लावलेल्या प्लास्टिकच्या टबात वेगळे ठेवा, विशेषतः टाकीत आधीचे मासे असतील तर. पहिल्या दिवशी खायला घालू नका.

खाणं, पाणी, सुट्ट्या

माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजून चाला. सकाळी आणि संध्याकाळी, मिनिटा-दोन मिनिटांत संपेल एवढंच. दाणे मोठे असतील तर बोटांनी चुरा, निऑनचं तोंड फार लहान असतं. आठवड्यातून एक दिवस उपास. अधूनमधून गोठवलेला ब्राइन श्रिंप किंवा स्वच्छ पाण्यात झालेल्या डासांच्या अळ्या दिल्यात तर रंग उजळतात. गटारातून आलेला जिवंत ट्युबिफेक्स नको, त्याच्याबरोबर रोग येतात.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. ५० लिटरच्या टाकीला ही एक बादली होते. नळीनं खडीतला गाळ ओढा आणि तेवढंच क्लोरीन काढलेलं, साधारण त्याच तापमानाचं पाणी हळूहळू घाला. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या. गुलाब त्यावर खूश असतो. दर महिन्याला सगळी टाकी रिकामी करून, खडी घासून, लख्ख धुवायची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती बंद करा. त्यात जिवाणू जातात आणि माशांना दर महिन्याला नव्या टाकीचा त्रास होतो.

उन्हाळ्यात मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागले की लोक खाणं टाकतात. त्यांना भूक लागलेली नसते, हवा कमी पडत असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्या दिवसांत खाणं निम्मं करा, हवेचा पंप वाढवा, झाकण काढून वर मच्छरदाणीची जाळी ताणा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत ही युक्ती फार चांगली चालते, मुंबईच्या दमट हवेत कमी. उडालेलं पाणी भरून काढताना मऊ किंवा आरओचं पाणी घाला, कारण क्षार मागेच राहतात. बर्फाचे खडे टाकीत टाकू नका. थंडीत हीटर लागला तर ५० लिटरला ५० वॉट पुरे, आणि टाकीत हात घालण्याआधी तो बंद करा. तीन-चार तास वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घरात असू द्या.

गणपतीला गावी निघालात तर शेजाऱ्यांच्या हातात खाण्याचा डबा देऊ नका. माया जास्त असते आणि डबा सहज रिकामा होतो. निरोगी मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतात. त्याहून जास्त दिवस जायचं असेल तर एक दिवसाआड एक अशा कागदाच्या पुड्या बांधून तारीख घालून ठेवा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्यांना कधी ना कधी भेटतो. पाणी हळूहळू २८ अंशांपर्यंत नेलं की परजीवीचं चक्र लवकर पुरं होतं. औषध त्याला गाठतं ते तो अंगावरून सुटून पाण्यात पोहत असतानाच, म्हणून ठिपके गेल्यावरही काही दिवस औषध चालू ठेवा. निऑनचा म्हणून जो आजार ओळखला जातो त्यावर मात्र खात्रीचा इलाज नाही. मासा थव्यातून फुटून एकटा राहतो, अंगावर पांढुरका डाग धरतो, पाठ वाकते. असा मासा दिसताच वेगळा काढा. मेला तर बाकीच्यांनी त्याला खायच्या आत उचला.

हौस वाढली तर झेब्राची पिल्लं घरी काढून बघा, शाळकरी मुलांना याहून चांगला प्रयोग नाही. पसरट टबात चार-पाच इंच पाणी घ्या, तळाला मुलांच्या खेळायच्या गोट्यांचा थर द्या. संध्याकाळी दोन सडपातळ नर आणि एक भरल्या पोटाची मादी त्यात सोडा. पहाटे उजेड होताच ती अंडी टाकते, ती गोट्यांच्या फटीत पडतात आणि आईबापांच्या तोंडातून वाचतात. मग मोठे मासे काढून घ्या. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात.

दोन-तीन वर्षांनी थवा विरळ होतो. झेब्राचं आयुष्य साधारण तेवढंच, निऑन जपले तर आणखी वर्ष-दोन वर्षं. दहांचे चार उरले की ठरवावं लागतं. टाकी पुढे चालवायची असेल तर त्याच जातीचे सहा नवे आणा, आधी टबात वेगळे ठेवून मग सोडा. दुसऱ्या जातीचे ‘बदल म्हणून’ आणू नका. थांबायचं असेल तर ज्याच्याकडे त्याच माशांचा थवा आहे अशा माणसाला उरलेले द्या, किंवा दुकानात परत करा. बरेच दुकानदार घेतात. विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नका, अगदी झेब्रा असला तरी. आणि टाकी दुसऱ्या कुणाला देणार असाल तर फिल्टरचा स्पंज ओला ठेवूनच द्या.